घरच्या सर्व्हरला नेटवाला अडवतो, तेव्हा नेमकं अडतं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत स्थानिक कंपनीचं १०० एमबीपीएसचं घरगुती फायबर कनेक्शन आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून फोटोंसाठी इमिच आणि फायलींसाठी नेक्स्टक्लाउड बसवलंय. घरातल्या वायफायवर सगळं झकास चालतं. राउटरमध्ये ४४३ नंबरचं पोर्ट, म्हणजे सुरक्षित वेबसाइटचं दार, लॅपटॉपकडे फॉरवर्ड केलं, तरी बाहेरून काहीच उघडत नाही. कस्टमर केअर म्हणतं, ‘घरगुती प्लॅनवर सर्व्हर चालवायला परवानगी नाही, बिझनेस प्लॅन घ्या.’ बहीण जर्मनीत राहते, तिच्या घरी असाच सर्व्हर बिनबोभाट चालतो. मग आपल्याकडेच ही बंदी का? ती कायद्याला धरून आहे का? आणि यातून वाट काय?

मी बरीच वर्षं छोट्या-मोठ्या इंटरनेट कंपन्यांची नेटवर्कं उभारायचं आणि सांभाळायचं काम करतोय, म्हणजे काउंटरच्या पलीकडे बसणाऱ्यांपैकी आहे. कस्टमर केअरने तुम्हाला नियम वाचून दाखवला, पण तुमचं पोर्ट त्या नियमाने अडलेलं नसणार. घरगुती ग्राहकाने सर्व्हर लावलाय का हे शोधत बसायला तालुक्याच्या कंपनीकडे माणूस नसतो. तुम्हाला बाहेरून पोचता येईल असा पत्ताच दिलेला नाही, एवढंच झालेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. ‘सर्व्हर चालवू नये’ हा वापराचा नियम, पत्त्याची टंचाई आणि काही ठरावीक पोर्टांवरची बंदी ही तीन वेगळी प्रकरणं आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. कस्टमर केअर तिन्हींना ‘परवानगी नाही’ असं एकच उत्तर देऊन मोकळं होतं.

आधी तपासून घ्या. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन (म्हणजे बाहेरची बाजू) स्टेटस किंवा इंटरनेट स्टेटस असं काहीतरी असेल, तिथला पत्ता बघा. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी’ दाखवणारी कुठलीही साइट उघडा. दोन्हीकडे एकच पत्ता दिसला तर तुम्ही नशीबवान, अडथळा पुढे कुठेतरी आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटणाऱ्या यंत्रणेच्या, मागे आहात, विषय संपला. हा पट्टा, सुमारे ४२ लाख पत्त्यांचा, एप्रिल २०१२ मध्ये खास याच कामासाठी बाजूला काढला गेला. काही कंपन्या १० ने सुरू होणारे पत्तेही देतात, अर्थ तोच. १९२.१६८ दिसत असेल तर थोडं थांबा: नेटवाल्याने भिंतीवर लावलेली ओएनयूची डबी स्वतःच राउटरचं काम करत असेल आणि तुमचा राउटर तिच्या मागे असेल. मग पोर्ट दोन ठिकाणी उघडावं लागतं, किंवा डबी ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम सोडून नुसतं पुढे देण्यावर, टाकून घ्यावी लागते. ब्रिजसाठी पीपीपीओईचं, म्हणजे कनेक्शनच्या लॉगिनचं, युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन नंबर लागतो. हे लाइनमनला माहीत असतं, कॉल सेंटरला नसतं.

लॅपटॉपवर टेलस्केल (आपली यंत्रं खाजगी जाळ्यात जोडणारं व्हीपीएन) असेल तर तेही १०० ने सुरू होणारा पत्ता दाखवतं, कारण त्याने तोच पट्टा वापरायला घेतलाय. तो पाहून ‘मी सीजीनॅटमध्ये आहे’ असा निष्कर्ष काढणारे आणि कंपनीशी भांडायला येणारे बरेच असतात. पत्ता राउटरवरचाच बघायचा.

सीजीनॅटमध्ये होतं असं. एका सार्वजनिक पत्त्याला ६५,५३६ पोर्ट असतात. कंपनी त्यांचे गठ्ठे बांधून ग्राहकांत वाटते. एकेकाला हजार-दोन हजार पोर्ट, म्हणजे एका पत्त्यामागे तीस ते साठ घरं. तुम्ही बाहेर जाता तेव्हा कुणाचं काय गेलं याची नोंद होते आणि उत्तर बरोबर तुमच्याकडे परत येतं. पण बाहेरून कुणी पहिल्यांदाच ४४३ वर हाक मारली, तर ती साठांपैकी कुणासाठी आहे हे त्या यंत्राला कळायला मार्ग नसतो, म्हणून ते ती टाकून देतं. जुन्या ऑफिसातला ईपीएबीएक्स आठवा: शून्य दाबून बाहेर फोन कुणालाही लावता यायचा, पण बाहेरून बोर्डाचा नंबर फिरवला की घंटा ऑपरेटरच्या टेबलावर वाजायची. इथे ऑपरेटरची खुर्चीच रिकामी आहे. तुमच्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग शंभर टक्के बरोबर असेल, पण हाक त्याच्यापर्यंत येतच नाही.

पत्ते कमी का पडले? आयपीव्ही४ या जुन्या पत्ता-पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटले गेले आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागात रेशनिंग सुरू झालं. सुरुवातीला नव्या सदस्याला १०२४ पत्ते मिळायचे, फेब्रुवारी २०१९ पासून जास्तीत जास्त ५१२. आता हिशेब तुम्हीच करा. नवी कंपनी, पाच हजार घरं जोडलेली, हातात पत्ते ५१२, त्यातले काही स्वतःच्याच यंत्रांना लागणार. जास्तीचे हवे असतील तर बाजारातून विकत घ्यायचे आणि तिथे एकेका पत्त्याला गेल्या काही वर्षांत वीस ते पन्नास डॉलर मोजावे लागलेत. अमेझॉनसारखी कंपनीसुद्धा १ फेब्रुवारी २०२४ पासून क्लाउडवरच्या प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लावते, महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. सांगलीतला नेटवाला पाचशे रुपयांच्या प्लॅनमध्ये तो फुकट देईल ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

म्हणजे कंपनी धुतल्या तांदळासारखी आहे असं अजिबात नाही. पत्त्याची अडचण खरी आहे, पण ‘सर्व्हर चालवू नये’ हे कलम त्या टंचाईच्या कितीतरी आधीचं आहे आणि त्याचा इतिहास वेगळा आहे.

हे कलम आलं अमेरिकेतल्या केबल इंटरनेटबरोबर, नव्वदच्या दशकात. टीव्हीसाठी टाकलेल्या केबलमध्ये ग्राहकाकडून वर जाणाऱ्या सिग्नलला ५ ते ४२ मेगाहर्ट्‌झची चिंचोळी पट्टी मिळायची, बाकी सगळी जागा खाली येणाऱ्या चॅनेलांना. ती पट्टीही गल्लीतल्या सगळ्या घरांत वाटलेली आणि प्रत्येक घरातला खराब जोड तिच्यात खरखर ओतणार. अशा वायरवर एकाने चोवीस तास वेबसाइट चालवली, तर शेजारच्याचं साधं पानसुद्धा उघडायचं नाही. त्या काळी, त्या वायरवर, ते कलम योग्यच होतं असं मी म्हणेन.

मग २००१ चा जुलै आला. ‘कोड रेड’ नावाच्या किड्याने १९ जुलैला चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांवर संगणक पकडले. तो शिरायचा मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधून, म्हणजे ८० नंबरच्या पोर्टातून. गंमत अशी की त्यातल्या बऱ्याच जणांना आपल्या विंडोज २००० वर वेब सर्व्हर चालू आहे याचा पत्ताच नव्हता. केबल कंपन्यांनी घरगुती ग्राहकांकडे येणारं ८० पोर्ट सरसकट बंद केलं. किडा गेला, काही ठिकाणी कुलूप तसंच राहिलं. पंचवीस नंबरचं, म्हणजे मेलचं पोर्टही पुढे असंच बंद होत गेलं, कारण व्हायरस लागलेले घरचे संगणक जगभर स्पॅम पाठवू लागले होते. ती बंदी आजही टिकून आहे आणि तिच्या बाजूने मी केव्हाही उभा राहीन.

वायर बदलल्यावर कलमाचं काय होतं, याचं नमुनेदार उदाहरण म्हणजे कॅन्सस सिटीतलं गूगल फायबर. २०१२ च्या नोव्हेंबरात तिथे घराघरांत एक गिगाबिटची जोडणी सुरू झाली, खाली एक आणि वरही एक, महिना सत्तर डॉलरला. केबलची चिंचोळी पट्टी हे कारणच उरलं नाही. तरीही अटींमध्ये लिहिलेलं: लेखी करार असल्याशिवाय कुठल्याही प्रकारचा सर्व्हर चालवू नये. तिथल्या एका ग्राहकाने अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाकडे तक्रार केली. त्याचा मुद्दा सरळ होता: नेट न्यूट्रॅलिटीचे, म्हणजे नेटवर भेदभाव न करण्याचे, २०१० चे नियम मला माझं यंत्र जोडायचा आणि माझी सेवा चालवायचा हक्क देतात. २०१३ च्या जुलैअखेरीस कंपनीने उत्तर दिलं की ही बंदी म्हणजे नेटवर्कचं वाजवी व्यवस्थापन आहे आणि बाकीच्या कंपन्याही तेच करतात. आयुष्यभर नेट न्यूट्रॅलिटीचा झेंडा मिरवलेल्या कंपनीचं हे उत्तर! त्यावर बराच गदारोळ झाला आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये अटी बदलल्या: वैयक्तिक, बिनव्यापारी वापराचा सर्व्हर चालेल, घरी पोचण्यासाठी व्हीपीएन, खेळ, व्हिडिओ कॉल, घराच्या सुरक्षेची यंत्रं, सगळं चालेल.

मला ती बदललेली अट फार शहाणी वाटते. घरातलं कुठलं यंत्र बाहेरच्या हाकेला ओ देतं हे बघायला गेलात तर कॅमेऱ्याचा डीव्हीआर देतो, गेमचा कन्सोल देतो, टॉरेंट देतं. जुनं कलम शब्दशः लावलं तर निम्म्या गावाचं नेट तोडावं लागेल. ते कुणी लावत नाही. ते ठेवलेलं असतं हाताशी, नकोसा ग्राहक दाराबाहेर काढायला किंवा बिझनेस प्लॅन गळ्यात मारायला.

आपल्याकडे तर क्षमतेचं कारण आणखीच लंगडं पडतं. तुमच्या फायबरवर बहुधा जीपॉन असेल. त्यात एका धाग्यावर खाली २.४८८ आणि वर १.२४४ गिगाबिट असतात, साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटून. वरची बाजू अर्धी असली तरी घरगुती ग्राहक ती वापरतच नाही, सगळे बघणारे, पाठवणारा कुणी नाही. आम्ही मुंबईहून बँडविड्थ घेतो ती दोन्ही दिशांना सारखीच, आणि जिथे वापरावर बिल असतं तिथे येणारं-जाणारं यात जे जास्त भरेल त्याचेच पैसे लागतात. घरगुती नेटवर्कमध्ये येणारंच कितीतरी पटींनी जास्त. म्हणजे तुमच्या बहिणीने संध्याकाळी फोटो बघितले तर कंपनीला त्याचा खर्च व्यवहारात शून्य. हे कुठलाही नेटवर्क इंजिनिअर चहाच्या टपरीवर कबूल करेल, पत्रकावर मात्र लिहिणार नाही.

मग खरी कारणं कुठली? पत्ता हे एक झालं. दुसरं, बिझनेस प्लॅन. कोचिंग क्लास, दवाखाना, सीए यांच्याकडून त्याच वायरचे तिप्पट पैसे घेता येतात ते ‘स्टॅटिक आयपी आणि सर्व्हरला परवानगी’ या दोन ओळींच्या जोरावर. तिसरं, तक्रारी. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडून किंवा परदेशातल्या एखाद्या कंपनीकडून मेल येतो: अमुक पत्ता, अमुक पोर्ट, अमुक वेळ, इथून हल्ला होतोय. मग एकाने लॉग उपसत बसायचं, ग्राहकाला फोन करायचा आणि तो म्हणणार, ‘मी तर फक्त यूट्यूब बघतो.’ शेवटचं कारण अगदी साधं. सर्व्हर बंद पडला की ग्राहक आम्हाला फोन करतो, दोष त्याच्या लॅपटॉपचा असला तरी.

आता कायदा. भारतात घरी सर्व्हर चालवायला मनाई करणारा कायदा नाही. ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या शिफारशी केल्या, जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने त्या स्वीकारल्या आणि मग परवान्याच्या अटींत घातल्या. त्यानुसार कंपनी मजकूर बघून भेदभाव करू शकत नाही, म्हणजे एखादी सेवा अडवणं, मंद करणं किंवा एखादीला पुढे काढणं. पण प्रत्येक ग्राहकाला सार्वजनिक पत्ता द्या असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. सीजीनॅट सगळ्यांना सारखंच लागू असल्यामुळे त्याला भेदभाव म्हणणंही अवघड. थोडक्यात, ‘परवानगी नाही’ हे कलम म्हणजे तुमच्या-त्यांच्यातला करार. त्यावर कंपनीकडे तक्रार, मग कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे अपील, एवढी पायरी आहे, पण पत्ता मिळवायला तिचा उपयोग होईल असं मला वाटत नाही. शेजाऱ्यांना वायर ओढून नेट देणं किंवा ते विकणं हे मात्र वेगळं. तिथे परवान्याचाच प्रश्न येतो, त्या भानगडीत पडू नका.

बहिणीकडे चालतं त्यामागे काही अंशी खरंच कायदा आहे. युरोपीय महासंघाचा २०१५ चा नियम, ३० एप्रिल २०१६ पासून लागू झालेला, तिसऱ्या कलमातच सांगतो की ग्राहकाला माहिती मिळवायचा तसाच ती पसरवायचा, सेवा वापरायचा तसाच ती पुरवायचाही हक्क आहे आणि यंत्र स्वतःच्या पसंतीचं वापरायचाही. जर्मनीने वर १ ऑगस्ट २०१६ पासून राउटर निवडायचं स्वातंत्र्य कायद्याने दिलंय. ‘पुरवायचाही’ हा एवढासा भाग आपल्या नियमांत असता तर कस्टमर केअरला ते वाक्य बोलता आलं नसतं. पण तिकडेही सगळं गोड नाही. जर्मनीतल्या पुष्कळ केबल आणि फायबर ग्राहकांना स्वतःचा आयपीव्ही४ पत्ता नसतो, तो वाटूनच मिळतो. त्यांच्याकडे अस्सल असतो तो आयपीव्ही६, म्हणजे मुबलक पत्त्यांच्या नव्या पद्धतीतला. आणि तुमची वाट बहुधा इथूनच निघते.

भारत आयपीव्ही६ मध्ये मागे नाही, उलट जगात वरच्या रांगेत आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ सुरू झालं तेच आयपीव्ही६ घेऊन, आणि आज एपनिक या आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या संस्थेच्या मोजणीत इथले सत्तर टक्क्यांहून जास्त वापरणारे त्यावर आहेत. मोठ्या कंपन्यांच्या फायबरवर ते सहसा असतं. स्थानिक कंपन्यांत कुठे आहे, कुठे मागितलं की चालू करतात, कुठे ‘ते काय असतं’ असं विचारतात. लॅपटॉपवर २ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता दिसला तर तो तुमचा स्वतःचा, सार्वजनिक, साठ घरांत न वाटलेला पत्ता आहे. इथे पोर्ट फॉरवर्डिंग लागत नाही, फायरवॉलला एक भोक पाडावं लागतं. अडचण अशी की कंपनीने दिलेल्या डब्यांमध्ये आयपीव्ही६ च्या फायरवॉलला कित्येकदा फक्त चालू-बंद एवढंच बटण असतं. ते बंद करू नका. टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर सगळे एकदम उघड्यावर येतील. डबी ब्रिजवर टाका, मागे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरची खुली प्रणाली चालणारा राउटर लावा आणि फक्त लॅपटॉपच्या ४४३ ला परवानगी द्या. पीपीपीओई तुटून जुळलं की पत्त्याचा पुढचा अर्धा भाग बदलतो, म्हणून नियम पत्त्याच्या मागच्या भागावर लिहायचा आणि डायनॅमिक डीएनएसची (बदलता पत्ता एका नावाशी जोडून ठेवणाऱ्या सेवेची) नोंद राउटरकडून न करता लॅपटॉपकडूनच करून घ्यायची. बहिणीकडे जर्मनीत आयपीव्ही६ बहुधा असेलच, मग तिचं थेट जुळेल. एखाद्या ऑफिसच्या नेटवरून मात्र उघडणार नाही, तिथे अजून फक्त व्ही४ असतं.

आयपीव्ही६ मिळतच नसेल, आणि बघणारी माणसं घरचीच पाच-सहा असतील, तर टेलस्केल लावा आणि विषय मिटवा. दोन्ही टोकं आतून बाहेर फोन करतात आणि मध्ये भेटतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही. दोन्हीकडे कडक नॅट असेल तर सगळं रिलेमार्गे जातं आणि वेग पडतो, फोटोंना तरीही पुरतो. सर्व्हरची ‘की एक्स्पायरी’, म्हणजे किल्लीची मुदत, आठवणीने बंद करा. नाहीतर १८० दिवसांनी एका सकाळी सगळं बंद, आणि तुम्ही नेटवाल्याला शिव्या घालत बसाल. आईच्या फोनवर मात्र ॲप टाकून ते चालू ठेवायला शिकवणं हे वेगळंच काम आहे. बॅटरी सेव्हर त्याला रोज मारतो.

साधी लिंक देऊन कुणालाही दाखवायचं असेल तर क्लाउडफ्लेअर टनेल फुकट आहे आणि अर्ध्या तासात लागतं. त्याच्या दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. एक म्हणजे तुमचं एन्क्रिप्शन त्यांच्या यंत्रावर सुटतं, म्हणजे फोटो त्यांच्या डोळ्यांखालून जातात. दुसरी, फुकटच्या प्लॅनवर एका वेळी १०० एमबीपेक्षा मोठं काही वर पाठवता येत नाही. लग्नाचा तीन मिनिटांचा व्हिडिओ इमिचवर चढवायला गेलात की ४१३ ची चूक येते आणि दोष इमिचला दिला जातो. मोठ्या व्हिडिओंसाठी ही जागा नाही.

माझी स्वतःची पसंती जरा जुन्या वळणाची आहे: मुंबई किंवा बंगळुरातल्या डेटा सेंटरमधला सगळ्यात लहान भाड्याचा सर्व्हर, महिना चार-पाचशे रुपये, आणि घरच्या लॅपटॉपपासून तिथपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा. सार्वजनिक पत्ता त्या भाड्याच्या यंत्राचा, फोटो मात्र घरातच. एन्क्रिप्शनचं प्रमाणपत्र लॅपटॉपवर ठेवलं आणि भाड्याच्या यंत्राने पॅकेट नुसते पुढे ढकलले, तर मधल्याला आतलं काही दिसत नाही. घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांतता झाली की सीजीनॅट तुम्हाला विसरतं. आणि एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४१२ करा. पीपीपीओईवर १५०० मिळत नाही, १४९२ च मिळतात, आणि त्यातले ८० बोगद्याच्या वेष्टनासाठी सोडायचे. पान उघडतंय पण मोठा फोटो अर्ध्यात अडकतोय असं दिसलं की दहातल्या नऊ वेळा कारण हेच. जर्मनीतून बघणाऱ्याला मुंबईचा फेरा लागतो, पण डेटा तसाही मुंबईवरूनच बाहेर जाणार होता.

आणि शेवटी सरळ मार्ग: पैसे भरून पत्ता घ्या. स्थानिक कंपन्यांत वर्षाला दीड ते तीन हजारांच्या आसपास पडतो, बिझनेस प्लॅनपेक्षा कितीतरी स्वस्त. फक्त कॉल सेंटरला विचारू नका. तुमच्या भागाच्या इंजिनिअरला किंवा नॉकला, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या कक्षाला, फोन लावा. संभाषण साधारण असं होतं:

‘दादा, माझा वॅन आयपी १०० ने सुरू होतोय. पब्लिक पाहिजे. चार्ज असेल तो भरतो.’

‘कशाला हवाय सर? कॅमेरा बघायचाय का बाहेरून?’

‘कॅमेरा नाही. घरचे फोटो आहेत, बहिणीला परदेशातून बघायचेत.’

‘मग स्टॅटिक घ्या ना. वर्षाचं एकदम भरावं लागेल. मॅक ॲड्रेस पाठवा, उद्या बाइंड करून देतो.’

परवानगीचा विषयच निघत नाही, कारण नेटवर्कच्या माणसाच्या दृष्टीने तो विषयच नसतो. उलट तुम्ही सीजीनॅटमधून बाहेर पडलात की तुमच्या पत्त्यांच्या अदलाबदलीचे लॉग साठवायचं त्याचं काम वाचतं. पैसे भरण्याआधी एकच विचारून घ्या: येणारी ८०, ४४३ उघडी आहेत का? बंद असतील तर ८४४३ वर चालवा, आणि लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट प्रमाणपत्र डीएनएसच्या पद्धतीने घ्या, कारण नेहमीच्या पद्धतीला ८० लागतंच.

पत्ता मिळाला की काही तासांत जगभरचे बॉट तुमच्या दारावर टकटक करू लागतील. घाबरू नका, पण २०१६ मधला मिराई हा व्हायरस विसरू नका. कॅमेरे आणि डीव्हीआर यांचे कारखान्यातले पासवर्ड वापरून त्याने फौज उभी केली आणि २१ ऑक्टोबरला डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवला, तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या साइट काही तास बसल्या. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर उघडी ठेवलेली क्यूनॅपची घरगुती स्टोरेज यंत्रं कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्यांच्यातही लोकांचे घरचे फोटोच होते. तेव्हा बाहेर फक्त ४४३ उघडा. एसएसएच, राउटरचं पान, डीव्हीआर, रिमोट डेस्कटॉप यांपैकी काहीही बाहेर दिसू देऊ नका. इमिचचे अपडेट वेळच्या वेळी टाका आणि फोटोंची एक प्रत लॅपटॉपपासून सुटलेल्या डिस्कवर ठेवा.

मेल सर्व्हर घरी लावायचा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. २५ नंबरचं पोर्ट बंद असतं, उलटी डीएनएस नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) कंपनी सहसा करून देत नाही, आणि घरगुती पत्त्यांचे पट्टेच्या पट्टे २००७ पासून स्पॅमहाऊस या स्पॅमविरोधी संस्थेच्या यादीत असतात. पाठवलेला मेल जीमेलच्या स्पॅममध्ये सुद्धा पोचणार नाही.

विजेचं राहिलंच. लॅपटॉपला बॅटरी आहे, ओएनयू आणि राउटरला नाही. बारा व्होल्टचा मिनी यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो, तो घ्या. तुमच्या घरात वीज असून नेट गेलं तर कंपनीच्या वाटेवरच्या यंत्राची बॅटरी बहुधा संपलेली असते, त्याला तुमच्या हातात इलाज नाही.

तूर्तास राउटरचा वॅन पत्ता कुठल्या आकड्यांनी सुरू होतो आणि लॅपटॉपवर २ ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता दिसतो का, एवढं बघून कळवा. पानाचा फोटो पाठवलात तर पीपीपीओईचा पासवर्ड झाकून पाठवा.